मिसरीपुरती सावली

नंदीनं उजव्या हाताचं बोट तोंडात घातलं आणि इकडून तिकडं, तिकडून इकडं हिरड्या घासायला लागली, तेव्हा आंब्याखाली बसलेल्या सगळ्या बाया खदखदून हसल्या.

"अगं बया, पाहा पाहा! नर्मदाकाकू, तुमची नात मिसरी लावून राहिली!"

"मुकादमीण व्हते ती. आजीवर गेली."

"तोंडात दात न्हाई येक, अन् मिसरी पाह्यजे भवानीला!"

नंदीला अजून बोलता येत नव्हतं. धरल्याशिवाय उभंही राहता येत नव्हतं. पण बोट कसं धरायचं ते तिला बरोबर कळलं होतं. एक बोट सरळ, बाकीची मुडपलेली. मधेच थांबून, थुंकायच्या आधी बाया करतात तसा ओठांचा चंबूसुद्धा. बाया हसल्या तशी तिला आणखी चेव आला. ती आईच्या मांडीवर उड्या मारत बोट घासत राहिली.

शिलाचं स्वतःचं बोट तेव्हा तोंडातच होतं. पोरीला नुकतंच पाजून झालं होतं, झंपरचं बटन अजून उघडंच होतं. तीही हसली. मग तिचं बोट जागच्या जागी थांबलं. नंदीच्या गालावर काळं लागलं होतं. पाजताना शिलाचंच बोट लागलं असणार. तिनं पदरानं पुसलं, तर ते गालभर पसरलं.

"चला गं," शिलाची सासू नर्मदाबाई म्हणाली. "लावून झाली आसंल त उठा."

सगळ्या उठल्या. शिरडच्या शिवारात अमृतरावांची हळद काढायचं गुत्तं नर्मदाबाईच्या टोळीनं घेतलं होतं. ट्रॅक्टर गादीवाफे उकरून पुढं जायचा आणि मागून बाया बसत सरकायच्या. माती झटकायची, मुळ्या तोडायच्या, गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं. गुत्त्याच्या कामाला रोजासारखं नसतं. जितकं काम तितके पैसे, आणि ते सगळ्यांत सारखे वाटून. म्हणून कुणी किती वेळ बसलं यावर मालकापेक्षा बायांचीच नजर. दुपारची भाकर सोडली तर बसायचं ते फक्त मिसरीपुरतं. नर्मदाबाईनं कंबरेची डबी काढली की सुट्टी, आणि तिनं चूळ भरली की काम. एकदा न्याहारीनंतर, एकदा ऊन कलल्यावर. नंदीला पाजायचं ते शिला तेवढ्यातच उरकायची.

लग्न होऊन आली तेव्हा शिलाला मिसरीचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. पहिल्याच उन्हाळ्यात सकाळी पोट साफ होईना, दिवसभर डोकं जड. सासूनंच पहिली चिमूट दिली होती. "लाव जरासी. मोकळं वाटंल." खरंच मोकळं वाटलं होतं. आता मिसरी लावल्याशिवाय सकाळी पायच उचलायचा नाही.

त्याच आठवड्यात आशाताई पुजा अंगणवाडीत बायांची तोंडं तपासायला बसली. शिला नंदीला डोस द्यायला गेली होती, तिलाही धरून बसवलं.

"तीन बोटं उभी घाल तोंडात. अशी."

शिलाची तीन बोटं गेली. पुजानं मोबाइलची बॅटरी लावली, गाल बोटानं बाहेर ओढला आणि बघता बघता तिचं बोलणं बंद झालं.

"काय वं, पुजाताई?"

"काई न्हाई. औंढ्याला दाखवून ये एकदा."

"काई न्हाई त दाखवू काहून?"

पुजानं बॅटरी बंद केली. "पांढरं दिसून राह्यलं आत. खालच्या दाताजवळ. जिथं तू मिसरी धरतीस ना, बराबर तिथंच."

मग तिनं नर्मदाबाईलाही हाक मारली. नर्मदाबाई दारातच उभी होती. "माहं काय पाहता? माहं झालं जगून," म्हणाली आणि आत आलीच नाही. तीन बोटं तिच्या तोंडात गेलीच नसती. शिलाला ते माहीत होतं. दोन वर्षांपासून सासूची भाकर तीच वरणात कुस्करून ठेवायची, आणि सासू तोंड न उघडता, ओठांच्या फटीतून घास आत सरकवायची. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. म्हातारपण आलं, एवढंच.

जवळ्याच्या बाजाराच्या दिवशी टोळीला सुट्टी असायची. नर्मदाबाई बाजाराला गेली आणि शिला पोरीला कडेवर घेऊन औंढ्याला. दवाखान्यातली डॉक्टरीण शिलाच्याच वयाची. तिनं गालात आरसा घातला, काडीनं डाग खरवडून पाहिला.

"जळजळ होते? तिखट लागतं?"

"लागतं."

"आत्ताच सोडलीत तर हा डाग जाऊ शकतो. बऱ्याच जणींचा जातो. पावसाळ्याआधी परत दाखवा."

"अन् न्हाई सुटली त?"

डॉक्टरीण हातमोजे काढत होती. तिनं नंदीकडं पाहिलं. "किती महिन्यांची?"

"अकरावा चालू हाय."

"सोडा ताई," एवढंच ती म्हणाली.

एसटीत शिलाला खिडकी मिळाली. नंदी मांडीवर झोपली. शिलाची आई अशीच गेली होती. आधी गालात फोड, मग गालाबाहेर. शेवटी शेवटी कापसाची वात दुधात बुडवून शिला तिच्या ओठांत पिळायची. तेव्हा शिला दहावीला होती. त्यानंतर तिच्या केसांना तेल लावून द्यायलासुद्धा कुणी नव्हतं. लग्नातली हळदही चुलतीनंच लावली, तीही घाईघाईत. शिलानं नंदीच्या जावळावरून हात फिरवला. हिची वेणी आपणच घालायची. हिच्या बाळंतपणाला आपणच पाहिजे. एवढं जगायचं म्हणजे काही फार मोठं मागणं नव्हतं.

घरी आली तर अंगणातली चूल पेटलेली. सासू बाजारातून तंबाखू घेऊन आली होती.

"आलीस? तवा ठेव. तेवढी भाजून टाक. उद्या बाया मागतेल."

टोळीतल्या सगळ्यांच्या डब्या याच घरातून भरायच्या. मुकादमिणीनं मिसरी पुरवायची, ही रीत नर्मदाबाईच्या सासूपासूनची. आणि लग्न झाल्यापासून भाजायचं काम शिलाचं. तिचा हात चांगला होता. पान जळू द्यायचं नाही आणि कच्चंही ठेवायचं नाही, काळं होऊन हातात चुरलं पाहिजे. रूपाबाई म्हणायची, शिलाच्या हातची मिसरी अशी की डोस्क्यात दिवा लागतो.

"मामी," शिला सासूला म्हणाली, "डॉक्टरनं मिसरी सोडाय सांगितली."

"मंग सोड की. तुला कोन बांधून घालून राहिलं?" नर्मदाबाई पिशवीतला भाजीपाला काढत होती. "पर हे भाजून दे आधी. माह्याच्यानं धूर सोसत न्हाई."

शिलानं नंदीला आत झोपवलं, दार लोटलं आणि तवा ठेवला. पानं तापली तसा धूर उठला. डोळ्यांत पाणी, घशात खवखव, आणि तोंडाला सुटलेलं पाणी. जिभेखालून झरा फुटावा तसं. तिनं थुंकलं. पुन्हा सुटलं. पाट्यावर वाटताना बोटं काळी झाली. एक बोट तोंडाजवळ न्यायचं तेवढंच बाकी. तिनं दोन्ही हात राखेनं घासले, साबणानं धुतले, तरी वास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून डोकं घणानं ठोकल्यासारखं. पोट साफ झालं नाही. नंदीनं ताटली पालथी केली म्हणून तिच्या पाठीत धपाटा बसला, आणि मग दोघीही रडल्या. वावरात हळकुंड मोडताना बोटं थरथरत होती. न्याहारीनंतर सासूनं डबी काढली. बाया आंब्याखाली आल्या. शिलानं झोळीतून नंदीला उचललं आणि बुंध्याला टेकून पदराखाली घेतलं.

रूपाबाईनं आपली डबी उघडता उघडता पाहिलं. "शिले, डबी कुठं हाय तुही?"

"सोडली म्या."

"कवा?"

"काल."

"काल!" रूपाबाई हसली. "आमच्या ह्यानं दर सोमवारी सोडली हाय दारू." सगळ्या हसल्या. मग ती म्हणाली, "पर मंग तू बसलीस काहून?"

"पोरीला पाजून राहिले ना."

"पाज बाई, पाज. पर उद्या माही कंबर दुखली म्हून मी बसते, परवा हिचा पाय मुरगळला म्हून ही बसंल. गुत्तं बराबरीचं हाय." ती हसतच बोलत होती, पण दोघी-तिघींनी मान हलवली.

"लेकरू हाय वं तिचं," तांड्यावरून येणारी मिराबाई हळूच म्हणाली.

"लेकरं मला न्हवती का? मिसरी लावता लावताच पाजली पाचबी."

शिलानं सासूकडं पाहिलं. नर्मदाबाईचं बोट तोंडात होतं. तिचं तोंड इतकं कमी उघडायचं की बोट आडवं घालावं लागायचं. तिनं बोट काढलं नाही. वाफ्याकडं बघतच म्हणाली, "ऊठ शिले. तिकडचे गड्डे राह्यलेत."

तोंडचा घास काढून घ्यावा तसं दूध तोडून शिलानं नंदीला झोळीत टाकलं. पोर किंचाळली. उन्हात एकटीच बसून शिला गड्डे झटकत राहिली. मागं बाया बोलत होत्या, मधेच थुंकत होत्या. झोळी हिसके देत होती. थोड्या वेळानं झंपर पुढून ओला झाला आणि त्याच्यावर हळदीची माती चिकटून पिवळा चिखल झाला.

घरी आल्यावर सासू हातपाय धूत म्हणाली, "माह्यावर राग धरू नको. मुकादमीण हाय म्या. सुनंला सूट देली आसं झालं, त टोळी उद्याच फुटंल."

तेवढ्यात शिलाच्या नवऱ्याचा, बालाजीचा फोन आला. तो हळद शिजवायच्या कुकरबरोबर वसमतकडं या वावरातून त्या वावरात फिरत होता. तिनं डॉक्टरिणीचं सांगितलं.

"मंग सोडून टाक की. त्यात काय यवढं मोठं काम हाय?" तो म्हणाला.

"तोंडात काय हाय तुमच्या?"

"हं?"

"बोलताना बुळबुळ येऊन राहिली."

पलीकडं थुंकल्याचा आवाज आला. "काई न्हाई. पाणी पेलो."

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर नंदीचं रडणं उचक्यांवर आलं. सकाळी घरून पाजून आणलं होतं, मधे बाटलीतलं दूध दिलं तर तिनं तोंड फिरवलं होतं. बाया सावलीत बसल्या होत्या. शिला उठली. माखलेले हात लुगड्याला पुसले आणि रूपाबाईपुढं तळहात पसरला.

"दे गं थोडी."

"आली गं बाई आली जागेवर!" रूपाबाईनं चांगली मोठी चिमूट टाकली. "म्हणलं न्हवतं मी? ये, बस. सर गं तिकडं, तिला टेकू दे."

सगळ्यांनी सरकून तिला बुंध्याजवळची जागा दिली. कुणी तरी नंदीला उचलून आणून मांडीवर ठेवलं. एका हातानं पोर धरून शिलानं मिसरी लावली. डोक्यातला घण थांबला. पाठ सैल झाली. पोर घटाघटा प्यायली आणि पिता पिता झोपली. सगळ्या आपल्यावर खूश आहेत, पोरीचं पोट भरलं आहे, डोकं हलकं झालं आहे. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. गालात तेवढी आग होत होती, बराबर तिथंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीतली राख काढताना तिच्या हातात बाभळीचा कोळसा आला. माहेरी आजोबा त्यानंच दात घासायचे. काळाभोर, हलका. तिनं तो बोटांत चुरला. अगदी मिसरीसारखाच.

सासू परसाकडं गेली होती. शिलानं कोळसा पाट्यावर घेतला, मीठ टाकलं, जरा ओवा टाकला, बारीक वाटला. आपली डबी रिकामी करून घासून पुसून घेतली आणि त्यात भरला. नव्या सुनेनं पहिली पोळी ताटात वाढताना जीव जसा धाकधूक करतो, तसं तिचं झालं होतं.

न्याहारीनंतर बायांबरोबर ती सावलीत बसली. डबी काढली, टकटक करून झाकण उघडलं, चिमूट घेतली, बोट घातलं. खारट. नंदीला पदराखाली घेतलं. रूपाबाईनं मान वर करूनही पाहिलं नाही. शिला मधेच थुंकलीसुद्धा. काळंच पडलं.

डोकं मात्र दुखायचं ते दुखायचंच. सकाळी पोटासाठी ती तांब्याभर कोमट पाणी प्यायची आणि येरझारा घालायची. तोंडाला खोटं बोट मिळालं की पाणी सुटायचं आणि पुढं काहीच यायचं नाही. जिना चढून गेल्यावर वर घरच नसावं तसं व्हायचं. चिडचिड व्हायची. पण एका दुपारी तिच्या लक्षात आलं की सकाळपासून मिसरीची आठवणच झाली नाही. भाकरीबरोबर ठेचा खाल्ला, तोही फार झोंबला नाही.

भीती राहिली ती दुसरीच. मिसरी न लावता मिसरीची सुट्टी घ्यायची, म्हणजे बायांच्या हिशेबी ती चोरीच. आणि चोर कोण, तर मुकादमिणीची सून. कळलं असतं तर रूपाबाईनं गावभर केलं असतं, आणि पुढच्या वर्षी नर्मदाबाईच्या शब्दावर एकही बाई घराबाहेर पडली नसती. घर त्या शब्दावर चालत होतं. शिला डबी झंपरात ठेवायची, कंबरेला लावायची नाही. कुणी मागू नये म्हणून सगळ्यांच्या शेवटी उघडायची आणि सगळ्यांच्या आधी बंद करायची.

हळद काढायचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर येणार होता. अमृतराव मोटारसायकल बांधावर लावून स्वतःच वाफ्यांतून फिरत होते.

"काकू, आज ढीग पुरा पाह्यजे बरं. कुकरवाला थांबत न्हाई."

"व्हतो बापू. तुमी बुडाला काटे टोचल्यावानी करू नका," नर्मदाबाई म्हणाली. अमृतरावही हसले.

ऊन कललं तरी तिनं डबी काढली नव्हती. झोळीत नंदीची कुरकुर सुरू झाली. शिलाचे दोन्ही स्तन दगडासारखे झाले होते. शेवटी नर्मदाबाई कण्हत उठली, आणि उठता उठता डबी कंबरेतून निसटून ठिबकच्या नळीच्या गळतीत पडली. झाकण एकीकडं, डबी एकीकडं. मिसरीचा काळा चिखल झाला.

"हात् तुह्या मायला," ती म्हणाली. सावलीत येऊन बसली. बाया आपापल्या डब्या काढत होत्या. शिलानं आपली काढली होती, नुकतीच उघडली होती. नर्मदाबाईनं हात पुढं केला.

"आण तुही."

मिसरी मागितल्यावर नाही म्हणायचं नसतं. भांडण झालेल्या जावासुद्धा मिसरीला नाही म्हणत नाहीत. शिलाचा हात डबीवर तसाच राहिला. "मामी, जुनी हाय ही. वास गेला तिचा."

"आण वं. मला काय वास घ्यायचा हाय?"

सासूनं डबी तिच्या हातातून घेतली. चिमूट उचलली. बोट आडवं करून ओठांच्या फटीतून आत घातलं. एकदा घासलं. दुसऱ्यांदा घासताना बोट थांबलं.

नंदी पदराखाली पीत होती, तिच्या घोटांचा आवाज शिलाला स्पष्ट ऐकू येत होता. नर्मदाबाईनं डबीत पाहिलं. मग सुनेकडं. तिचे डोळे लहान झाले होते, ऊन तोंडावर असावं तसे. ऊन मागं होतं.

"मलाबी दे गं चिमूट," रूपाबाईनं पलीकडून हात लांबवला. "माही आजची लईच भरड निघाली."

नर्मदाबाईनं झाकण लावलं. दाबून लावलं.

"संपली," ती म्हणाली. "तुह्यातली लाव."

"आत्ता त दिसली मला, काकू."

"बुडाला राह्यली व्हती, ती म्या घेतली. मुकादमीण कोन हाय, तू का म्या?"

रूपाबाई हसून आपल्या डबीकडं वळली. नर्मदाबाईनं डबी आपल्याच मांडीखाली सरकवली आणि पुन्हा बोट तोंडात घातलं. हळूहळू घासत राहिली. डाव्या बाजूनं उजव्या. पुन्हा डाव्या. बांधावरून अमृतराव इकडं बघत होते. बाया एकेक करून थुंकल्या, चुळा भरल्या.

"झालं का, काकू? उठायचं?" रूपाबाईनं विचारलं.

नर्मदाबाईनं शिलाच्या पदराकडं पाहिलं. नंदीचा एक पाय बाहेर आला होता, अंगठा ताठ धरून ती अजून ओढत होती.

"थांब," नर्मदाबाई बोट तोंडात ठेवूनच म्हणाली. "अजून चढली न्हाई मला."

बाया पुन्हा टेकल्या. शिलानं नंदीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

दिवस बुडायच्या आत ढीग पुरा झाला. घरी येताना सासू पुढं, सून मागं. नर्मदाबाई भराभर चालत होती आणि डोकं दुखत असल्यासारखं कपाळ दाबत होती. शिला प्रत्येक वळणावर वाट बघत होती, आता बोलेल, आता बोलेल. खोटारडी म्हणेल. घराचं नाक कापलंस म्हणेल. आईवर गेलीस म्हणेल.

घरी आल्या आल्या नर्मदाबाईनं चूल पेटवली. तवा ठेवला. फळीवरून तंबाखूची पुडी काढली. शिला पोरीला टेकवून मुकाट्यानं चुलीपुढं येऊन बसली, उलथनं घ्यायला हात पुढं केला.

"सर तिकडं," सासू म्हणाली.

"भाजते ना मी."

"सर म्हणते ना. पोरीला घेऊन त्या अंगाला बस. धूर इकडं येऊन राहिला."

शिला उठून ओट्याच्या पलीकडं बसली. सहा वर्षांत सासूला चुलीपुढं मिसरी भाजताना तिनं पाहिलं नव्हतं. धूर उठला. नर्मदाबाईला खोकल्याची उबळ आली. तोंड उघडत नव्हतं म्हणून खोकला आतल्या आत कोंडायचा, मान पुढं यायची, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या व्हायच्या. शिला पाणी घेऊन उठली, तर तिनं हातानंच बस म्हणून सांगितलं. डोळे पुसत भाजत राहिली. एका अंगाला पानं जळली. तिचा हात सुटला होता.

"तुमीबी सोडा ना, मामी," शिला म्हणाली. बोलून गेली आणि मग घाबरली.

"माही कुठं सुटती आता." नर्मदाबाईनं तवा उतरवला. "सोळाव्या वर्षापून हाय. आज दुपारपून लावली न्हाई त पाहा," तिनं हात पुढं धरला. चुलीच्या उजेडात बोटं थरथरत होती. हळदीनं पिवळी, टोकाला काळी. "तुला आसंच झालतं?"

"व्हय."

"अन् बोलली न्हाईस."

"बोलले व्हते."

नर्मदाबाईनं पाटा ओढून जळकी पानं वाटायला घेतली. वाटली, चिखलातून धुऊन आणलेल्या आपल्या डबीत भरली. अर्धी भरून थांबली. मग कंबरेतून शिलाची डबी काढली. शिलाला वाटलं, चुलीत टाकणार. तिनं झाकण उघडलं, नाकाशी नेलं, जिभेच्या टोकाला लावून पाहिलं.

"कायचं हाय?"

"बाभळीचा कोळसा. मीठ, ओवा."

"मीठ जास्त झालं," सासू म्हणाली.

भाजीला म्हणायची तसंच. शिलानं मान खाली घातली. मांडीवर नंदी बसली होती. पुन्हा बोट तोंडात घालून, इकडून तिकडं, तिकडून इकडं. शिलानं तिचं बोट हळूच बाहेर काढलं. स्वच्छ होतं.

नर्मदाबाईनं कोळसा आपल्या डबीत ओतला. अर्धी मिसरी, अर्धा कोळसा. बोटानं ढवळून एक केलं आणि चिमूट घेऊन ओठांच्या फटीतून आत घातली. तोंड वाकडं केलं. दोनदा घासून थुंकली.

"हॅ. कायबी न्हाई त्यात," ती वैतागून म्हणाली. डबी ओट्यावर आपटली, उठून गोठ्यापर्यंत गेली, परत आली, आणि तीच डबी उचलून पुन्हा बोट घातलं.

"उद्या कुकरवर माणसं येतेल, बालाजी बी येईल," बोट तोंडात ठेवूनच ती पुटपुटली. "सकाळी टाइम न्हाई मिळायचा. कोळसा आत्ताच काढून ठेव चुलीतला."

शिला पोरीला कडेवर घेऊन उठली.

"मीठ कमी टाक," मागून सासू म्हणाली. "अन् जरा जास्ती वाट. दोघींला लागंल."